कुमुदबाईंच्या वाटेनं सिंधपार

साठी उलटलेल्या बाईनं सायकलवर एकटीनं नरवरला जाऊ नये, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांची नावं इथं देत नाही. देत बसले तर प्रवासाला जागाच उरायची नाही. मी मुलींच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवली. गळ्यातली शिट्टी निवृत्त झाले त्या दिवशी काढून ठेवली, पण स्वभाव काही खुंटीला टांगता येत नाही. 'तुझ्यानं व्हायचं नाही' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की पाय आपोआप चालायला लागतात.

मूळ भांडण आधी सांगते. कुमुदबाई आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. आम्ही मुली त्यांना बहनजी म्हणायचो, कारण ग्वाल्हेरात मराठी शिकवणारी बाईसुद्धा बहनजीच असते. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आलं होतं, मूलबाळ नव्हतं. साठेक वर्षांपूर्वी एका चैत्रात त्या लष्करातून, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीतून, सायकलवर निघाल्या. आंतरी, डबरा, पवाया करत सिंध नदी ओलांडून नरवरला पोचल्या आणि परत आल्यावर त्यांनी 'सिंधपार' नावाचं लहानसं पुस्तक लिहिलं. मला सायकल शिकवली ती त्यांनीच, शाळेच्या मैदानात, मागचं सीट धरून. आता त्या नाहीत. त्यांच्या बाजूनं भांडायलाही कुणी नाही.

या वर्षी आमच्या मराठी मंडळानं 'सिंधपार' पुन्हा छापायला काढलं. जयेंद्रगंजातल्या मंडळाच्या खोलीत प्रुफं आली आणि मी पहिलं पान उघडून बघितलं. पुस्तकाच्या नावाखाली छापलं होतं: 'एक कल्पित प्रवास'.

पुण्याच्या एका प्राध्यापकांनी प्रस्तावना लिहून पाठवली होती. त्यांचं म्हणणं असं की भाषा सुंदर आहे, पण नदीचं प्रकरण पटत नाही. 'मी सायकल खांद्यावर घेतली आणि एकटीनं सिंध ओलांडली,' असं बाई लिहितात. त्या काळची ती लोखंडी सायकल एका बाईला खांद्यावर घेऊन वाहत्या पाण्यातून नेता येणार नाही. शिवाय जवळच होड्यांचा घाट होता असं त्या स्वतःच सांगतात. मग शहाणं माणूस होडी सोडून पाण्यात का उतरेल? तेव्हा नदी कल्पित, आणि नदी कल्पित तर प्रवासही कल्पित.

मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब यांना ते पटलं होतं. आबासाहेबांचे पूर्वज दरबारात होते आणि ते अजून तिथंच बसल्यासारखे बोलतात.

"अगं, कल्पित म्हणजे काही शिवी नाही. उलट बाईंची प्रतिभा दिसते त्यातून," ते मला म्हणाले.

"म्हणजे बाई खोटं बोलल्या, असंच ना?"

"तसं कोण म्हणतं? पण काही सबूत तर पाहिजे ना."

"सबूत मी आणते. तोवर छापखान्याला थांबायला सांगा."

"तू? सायकलवर?" आबासाहेब हसले. त्यांच्याबरोबर खोलीतले बाकीचेही हसले. "या उमरीत? टेम्पोत टाकून आणावं लागेल तुला."

माझे पाय चालायला लागले ते त्या हसण्यावर.

निघताना

पडाव भागात, स्टेशनजवळ, एक सायकल दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे मी जुनी, जाड, बिनगिअरची सायकल मागितली. बहनजींची जशी होती तशीच. त्यानं मला आधी नव्या हलक्या सायकली दाखवल्या. मी नको म्हटल्यावर अडगळीतून एक बाहेर काढली. "अम्मा, ये लोहा है लोहा. इसको चलाने वाला भी लोहे का चाहिए."

"हवा भरो," मी म्हटलं.

घरी नवऱ्यानं ती उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. "तू पागल झालीस का? धूप बघ किती आहे बाहेर! तबीयत बिघडली तर मला फोन लाव, हिरोईन नको बनू." त्याच्या रागात काळजी किती आणि थट्टा किती, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळत नाही. पण पहाटे उठून त्यानंच माझ्याबरोबर दुधातल्या दशम्या लाटल्या. दशमी चार दिवस टिकते, चटणीबरोबर चालते, गुळाबरोबरही चालते. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले तेव्हा घोड्याच्या पाठीवर दशम्याच असणार, असं माझं मत आहे. पुरावा विचारू नका.

डबऱ्याची वाट

बहनजींनी लिहिलंय की झाशीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कडुनिंब होते आणि समोरून बैलगाडी आली की सायकल उतरून बाजूला उभं राहावं लागे. आता कडुनिंब नाहीत, बैलगाड्याही नाहीत. आहेत ते ट्रक. ते बाजूनं गेले की वाऱ्यानं माणूस आधी रस्त्याबाहेर ढकललं जातं आणि मग आत ओढलं जातं. पहिल्या तासात मी तीनदा परत फिरायचा विचार केला आणि तिन्ही वेळा मला आबासाहेबांचं हसू ऐकू आलं. माणसाला पुढं ढकलायला राग फार चांगला.

आंतरीजवळ चहाला थांबले. बाकावरचे म्हातारे माझ्याकडे बघत राहिले. शेवटी एकानं विचारलं, "कहाँ जा रही हो, माताजी?"

"नरवर."

"नरवर तो बस जाती है."

"मालूम है."

"सीधी जाती है," दुसरा म्हणाला. मला बहुधा पैशाची अडचण असावी अशी त्यांची समजूत झाली, कारण त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढं दोन दिवस भेटलेल्या प्रत्येकानं मला बस जाते हे सांगितलं. शेतातल्या बायांनी सांगितलं, पंक्चरवाल्यानं सांगितलं, एका पोलिसानं गाडी थांबवून सांगितलं. या मुलखात कुणाला रस्ता नीट सांगता येत नाही, पण बसची बातमी सगळ्यांकडे असते.

डबऱ्याला पोचले तेव्हा मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. लॉजच्या मॅनेजरनं रजिस्टर पुढं केलं आणि पुन्हा मागं ओढलं.

"साथ में कौन है?"

"सायकल."

"मतलब, जेंट्स?"

"जेंट्स घर पे है."

"अकेली लेडीज को हम कमरा नहीं देते, मैडम. पॉलिसी है."

मी त्याला माझ्या पांढऱ्या केसांकडे बघायला सांगितलं. म्हटलं, भैया, इस उम्र में मैं घर से भागकर शादी करने नहीं आई हूँ. तो लाजला, पण पॉलिसी सोडीना. मग मी सायकल आत आणून त्याच्या काउंटरला टेकवली, सतरंजी अंथरली आणि तिथंच पाय ताणायचे व्यायाम सुरू केले. येणारेजाणारे थबकून बघायला लागले. दोन गिऱ्हाइकं दारातूनच मागं फिरली. मी दुसऱ्या पायावर येईपर्यंत खोलीची किल्ली आली.

याच डबऱ्यात बहनजींनाही धर्मशाळेत घेतलं नव्हतं. त्या स्टेशनच्या बायकांच्या वेटिंगरूममध्ये झोपल्या आणि त्यावर त्यांनी एकच वाक्य लिहिलंय: 'बाकडे अरुंद होते, पण कोणाच्या उपकाराचे नव्हते.' हे वाक्य कल्पनेतून येत नाही हो. हे अंग आखडल्यावरच सुचतं.

पवाया

डबऱ्यापासून मोठा रस्ता सुटला आणि जिवाला बरं वाटलं. मोहरी निघून गेली होती, गहू उभा होता आणि कुठं कुठं कापणी चालली होती. पळस फुलून झाला होता, खाली नुसता केशरी सडा उरलेला. हवेत मोहाचा गोड, जड वास. मोहाच्या झाडाखाली बायका सकाळी पडलेली फुलं वेचत होत्या. त्यांनी मला बोलावून मूठभर दिली. 'खाओ, पर ज्यादा नईं, चढ़ जैहै,' असं म्हणून सगळ्या खिदळल्या. आपल्याकडे चैत्र म्हटला की कैरीची डाळ आणि पन्हं. इथं तो मोहाचा. मी दोन्हीकडची असल्यानं दोन्ही चैत्र माझेच, असं मी सोयीनं ठरवून टाकलंय.

वाटेत एका घरी दुपार झाली. ऊन उतरेपर्यंत त्यांनी मला जाऊ दिलं नाही. गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड गोल गकरिया, वांग्याचं भरीत आणि ताक. गकरी तुपात बुडवून हातात देतात, मग ती फोडायची, चटका बसतो, आणि तो चटका बसलाच पाहिजे असं घरच्या सासूबाई म्हणाल्या.

त्या घरातच माझी पहिली फजिती झाली. निघताना मी सवयीनं सासूबाईंच्या पाया पडायला वाकले, तशी ती म्हातारी किंचाळून मागं सरली. इकडे लेकीबाळी पाया पडत नाहीत. लेकीच्या पाया मोठ्यांनी पडायचं असतं, कारण लेक देवी. जन्म ग्वाल्हेरात गेला, हे मला माहीत आहे, पण मराठी कंबर आधी वाकते आणि मग आठवतं. म्हातारीनं मला खाली बसवून माझ्याच पायांना हात लावला, म्हणाली, पाप लगा दओ हमें. मी संकोचानं अर्धी झाले.

पवायाला दिवस कलताना पोचले. एके काळी हे मोठं नगर होतं म्हणतात. आता जुन्या विटांचे ढीग, बाभळी आणि शेळ्या. पार्वती नदी इथं सिंधेला मिळते. मी नदीकाठच्या महादेवाच्या धर्मशाळेत उतरले आणि पुस्तकातलं नदीचं प्रकरण पुन्हा वाचलं. इथवर सगळं जुळलं होतं. विटा होत्या, शेळ्या होत्या, संगम होता. पण आबासाहेबांना विटा नको होत्या. त्यांना खांद्यावरची सायकल हवी होती.

सिंध

घाट आता घाट राहिलेला नाही. वर पूल झाला आणि होड्या गेल्या. बहनजी घाटावरून पुढं वाळूच्या कडेनं गेल्या आणि जिथं पलीकडे खरबुजाच्या वाड्या दिसतात तिथं पाण्यात उतरल्या, असं त्यांनी लिहिलंय. वाड्या अजून आहेत. उन्हाळ्याकडे नदी आटत जाते तसे केवट, म्हणजे नावाडी लोक, उघड्या पडलेल्या वाळूत वेल लावतात. पलीकडच्या काठावर हिरवे पट्टे दिसत होते आणि राखणीची गवती खोपटं.

इकडच्या काठावर म्हशी धुणारा एक माणूस होता. तो म्हणाला, पुल है न, अम्मा. मी म्हटलं, मालूम है. साडी कासोट्यासारखी खोचली, पिशवी पाठीला बांधली आणि सायकल खांद्यावर घेतली.

सुरुवातीला जमलं. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, गार आणि नितळ. मनात म्हटलं, आबासाहेब, या बघायला. मध्यावर पाणी मांडीपर्यंत आलं आणि तळाला वाळूऐवजी शेवाळलेले गोटे लागले. सायकलचं वजन एका बाजूला, पाण्याचा ओढा दुसऱ्या बाजूला. मी एक पाऊल टाकलं, थांबले, दुसरं टाकलं. तिसरं पडलं ते गोट्यावरून घसरून. मी पाण्यात आणि सायकल माझ्यावर. हँडल बरगडीत बसलं. नाकातोंडात पाणी गेलं. उठले, पुन्हा उचलली, पुन्हा पडले. तिसऱ्या वेळी ती खांद्यापर्यंत गेलीच नाही.

पलीकडून कुणीतरी ओरडत होतं, "छोड़ो बाए! डूब जैहौ!" वाडीतून दोघं जण पाण्यात धावत आले. एकानं सायकल घेतली, एकानं माझा दंड धरला, आणि मी कुणाच्या तरी उपकारानं सिंध पार केली.

वाळूवर बसून मी रडले. लागलं होतं म्हणून नाही. प्राध्यापकांचं बरोबर होतं म्हणून. ही सायकल एका बाईच्यानं या नदीतून जात नाही, हे माझं अंगच मला सांगत होतं. जन्मभर व्यायाम शिकवलेल्या बाईचं अंग सांगत होतं. मग बहनजींच्यानं कशी गेली? ज्या बाईनं मला सायकलवर बसवलं, ती खोटं लिहून गेली होती? मला त्यांचा राग आला, आणि त्यांचा राग आला म्हणून स्वतःचाही आला.

वाडी

मला खोपटाच्या सावलीत नेलं. तिथं खाटेवर एक फार म्हातारा गृहस्थ बसला होता. सगळे त्याला दाऊ म्हणत होते. ही वाडी त्याची. त्यानं माझ्यासाठी खरबूज फोडायला सांगितलं, दुखऱ्या बरगडीला तेल-हळद लावायला सुनेला सांगितलं. तेल लावून झालं आणि खरबूज खाऊन झालं, तशी माझी मराठी जीभ जागी झाली. नुसतं खाऊन कसं उठायचं? पिशवीतला दशम्यांचा डबा घट्ट झाकणाचा, कोरडा राहिला होता. मी दोन दशम्या काढून दाऊंच्या पुढं धरल्या.

त्यांनी हात पुढं केला आणि विचारलं, "कां की आय, बिन्नू?"

"घर की. लश्कर से लाई हूँ."

हात मागं गेला. "लश्कर कौ अन्न-पानी हम नईं लेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं तर पुन्हा तेच. लष्करचं अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. डोळ्याच्या ऑपरेशनला लष्करात गेले होते तेव्हा पाणी घरून कळशीतून नेलं होतं म्हणे.

बरगडी दुखत होती, बहनजी मनातून उतरल्या होत्या, आणि आता हे. माझा तोल गेला. मी म्हटलं, क्यों, हमारे हाथ का नहीं चलता? दक्खिनी हैं इसलिए? कसली ही शिवाशिव, आजच्या काळात? आणि तुमचं खरबूज मी खाल्लं ते चाललं? दाऊंनी खरबुजाची उरलेली फोड माझ्याकडे सरकवली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि त्यानं मी जास्तच चिडले.

खोपटाच्या मागून एक म्हातारी बाई आली. वाकलेली, पण पाय घट्ट. दाऊंची धाकटी बहीण, रामकली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग सायकलकडे. मग सायकलकडेच बघत राहिली.

"गुस्सा न हो," ती म्हणाली. "लश्कर में हमाई बिटिया रहत ती."

या मुलखात लेक ज्या गावी दिली त्या गावचं पाणी माहेरची माणसं पीत नाहीत. दान दिलेल्या लेकीचं परत घ्यायचं नाही, असा भाव. आमच्याकडे फार तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी बाप जेवत नसे. इथं गावच वर्ज्य. हे मी ऐकलं होतं. पण केवटांची मुलगी लष्करात कुणाकडे दिलेली?

"दी नईं ती," रामकली म्हणाली. "मानी ती. साइकिल बारी बैनजी." दिलेली नव्हे, मानलेली. सायकलवाली बहनजी.

माझ्या हातातल्या दशम्या तशाच राहिल्या.

पुढचं तिनं सांगितलं आणि अधूनमधून दाऊंनी भर घातली. ते मी माझ्या मराठीत सांगते. रामकलीचं सासर मी पाण्यात उतरले त्या काठावर, घाटाजवळ. सासरा, दीर, नवरा, सगळे घाटावर होड्या चालवणारे. नवरा मारायचा. त्या मारात पोटातलं मूल गेलं. माहेर समोरच्या काठावर दिसत होतं, खोपटातला दिवासुद्धा दिसायचा, पण नदी ओलांडायची तर होडी सासरच्यांची. एका चैत्रात एक दक्खिनी बाई सायकल घेऊन विहिरीवर पाणी प्यायला थांबली. रामकली तिथं घागर भरत होती. तिच्या तोंडावरचे वळ बघून बाईनं काही विचारलं नाही. रामकलीनंच विचारलं.

"हमने कई, बाई, जा पै दो जनीं बैठ जात का?" यावर दोघी बसतात का? "बे बोलीं, बैठ."

घागर विहिरीवरच राहिली. रामकली मागच्या कॅरिअरवर बसली. घाट टाळून दोघी वाळूच्या कडेनं या वाड्यांसमोर आल्या. रामकलीला नदीचा तळ लहानपणापासून पाठ. पुढचं चाक तिनं धरलं, मागचं बहनजींनी, आणि दोघींनी सायकल खांद्यांवर घेऊन सिंध ओलांडली. मधल्या गोट्यांत बहनजी घसरल्या तेव्हा रामकलीनं सावरलं, आणि रामकली घाबरून थांबली तेव्हा बहनजींनी दम दिला. सासरचे लाठ्या घेऊन आले, पण तोवर बाप आणि भाऊ काठावर उभे होते. तिला परत पाठवायचं नाही असं बापानं ठरवलं, आणि ज्या बाईनं लेक परत आणून दिली ती या घरची लेक, असंही त्याच दिवशी ठरलं. लेक लष्करात राहते, तेव्हा लष्करचं पाणी बंद. बाप जिवंत होता तोवर दर उन्हाळ्यात तिच्या दारात खरबुजं ठेवून यायचा आणि तहानलेला परत यायचा.

"पुस्तकात तुमचं नाव का नाही मग?" मी विचारलं. विचारतानाच उत्तर कळलं होतं. सासरच्यांना पुस्तकातून कळलं असतं की तिला नेणारी बाई कोण, कुठली, तर लाठ्या लष्करपर्यंत पोचल्या असत्या आणि इथंही परत आल्या असत्या. म्हणून बहनजींनी लिहिलं, एकटीनं. पुस्तकात एकच खोटा शब्द, आणि तो या बाईला झाकण्यासाठी. मी घटकाभरापूर्वी त्याच शब्दापायी त्यांच्यावर रागावले होते.

मी रामकलीला सांगितलं की आमच्या शहरातले मोठे लोक म्हणतात हे पुस्तक खोटं आहे, बाई कुठं गेल्याच नाहीत, सगळं मनचं आहे. ती हसली नाही.

"मन कौ है? तौ हम को आएँ?" ती म्हणाली. मग मी कोण? "काट दियो बा बात." ते खोडून टाक.

"आणि तुमचं नाव? ते लिहू?"

दाऊंनी मान हलवली, नको. आजही पलीकडे त्या घरची माणसं आहेत, नातवंडं आहेत, कशाला उगाच. रामकलीनं भावाकडे बघितलंसुद्धा नाही.

"लिख दियो," ती मला म्हणाली. "अब का कर लैहैं? बे सब मर गए, हम बैठे हैं."

मग तिनं माझ्या हातातली दशमी घेतली आणि भावासमोर तोडून खाल्ली. ती म्हणाली, धाकटी बहीण थोरलीच्या घरचं खाते, त्याला बंदी नाही.

निघताना दाऊ खाटेवरून उतरले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. या वेळी मी मागं सरले नाही. तो हात माझ्यासाठी नव्हता, हे मला ठाऊक होतं.

परत

नरवरपर्यंत मी सायकलनं गेले. बरगडी प्रत्येक खड्ड्याला ओरडत होती, तरी गेले. किल्ल्याखाली उभी राहून उसाचा रस प्यायले. येताना सायकल टपावर टाकून बसनं आले. बस खरोखरच सरळ येते.

मंडळाच्या खोलीत मी उभ्यानंच सगळं सांगितलं. घाट कुणाचा होता ते, विहीर, दोन खांदे, आणि एका गावातल्या एका घरची माणसं साठ वर्षं आपल्या शहरात पाणी का पीत नाहीत ते. गावाचं नाव मी तिथं सांगितलं नाही आणि इथंही लिहीत नाही. तेवढं दाऊंचं ऐकलं. मी थांबले तेव्हा कुणी हसत नव्हतं.

आबासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "किस्सा चांगला आहे. पण तूच सांगतेस ना, बाई एकट्या नव्हत्या म्हणून? पुस्तकात लिहिलंय एकटी. म्हणजे प्रोफेसर म्हणतात तेच खरं. कल्पितच झालं की ते."

"दुसरीचा जीव वाचावा म्हणून एक शब्द खोटा लिहिला, तर नदी खोटी होते?"

"असं नाही. पण लोक विचारतील. आणि कुठल्या तरी केवटाच्या घरच्या भानगडी मंडळाच्या पुस्तकात कशाला? त्या बाईचं नाव तर बिलकूल नको."

प्रुफं टेबलावरच होती. मी पहिलं पान ओढलं, लाल पेन घेतलं आणि 'एक कल्पित प्रवास' ही ओळ आडवी खोडली. मग नदीच्या प्रकरणाचं पान काढलं. 'एकटीनं' हा बहनजींचा शब्द, त्याला मी हात लावला नाही. त्याच्या डोक्यावर टिपेची खूण म्हणून बारीक फुली काढली आणि पानाच्या तळाशी टीप लिहिली.

"कुणाच्या परवानगीनं?" आबासाहेब उठून उभे राहिले.

मी कागद त्यांच्याकडे फिरवला. टिपेत दोनच शब्द होते: सोबत रामकली.

"हिच्या," मी म्हटलं.